बांधावरचा एरंड जगाच्या बाजाराचा राजा कसा झाला, आणि आता त्याला धोका कशाचा आहे?

चॉकलेटचं रॅपर उलटं करून बघा. बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. अनेक चॉकलेटांच्या यादीत शेवटी शेवटी ‘इमल्सिफायर ४७६’ असं लिहिलेलं सापडेल. वितळलेलं चॉकलेट साच्यात नीट वाहावं म्हणून तो घालतात. हा ४७६ क्रमांकाचा पदार्थ सहसा एरंडाच्या तेलापासून बनवतात.

होय, तोच एरंड. ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून ज्याची टिंगल झाली तो. होळीच्या खड्ड्यात मधोमध ज्याची फांदी उभी करतात तो. लहानपणी आजीने नाक दाबून ज्याचं तेल पाजलं तो.

मराठी भाषेने या झाडाला फारसा मान दिला नाही. ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणजे निष्फळ बडबड, कारण एरंड कितीही पिळला तरी त्यातून रस निघत नाही. पण जगाच्या बाजारात नेमकं उलटं घडलंय. एरंड तेलाच्या जागतिक व्यापारातला ८० टक्क्यांहून जास्त माल एकट्या भारतातून जातो. आणि भारतात पिकणाऱ्या एरंडीपैकी ८० टक्क्यांच्या आसपास माल एकट्या गुजरातचा असतो.

हे आपोआप झालेलं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशात एरंडाचं सरासरी उत्पादन हेक्टरी २०० किलोच्या आसपास होतं. आज ते हेक्टरी १,७०० ते २,००० किलोंच्या घरात आहे. पाणी आणि खत मिळालं, हे कारण आहेच. पण खरी उडी मारली ती बियाण्याने. या बियाण्याची गोष्ट जितकी रंजक आहे, तितकीच आज काळजीचीही आहे.

या तेलात असं आहे तरी काय?

शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, करडई या तेलांची रसायनं एकमेकांशी बरीच मिळतीजुळती आहेत. एरंड मात्र वेगळा निघाला. त्याच्या तेलात ८५ ते ९० टक्के वाटा एकाच आम्लाचा असतो, रिसिनोलेइक आम्लाचा. कार्बनच्या १८ अणूंच्या या साखळीत बाराव्या अणूवर एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी अडकवलेली असते. खाद्यतेलांत हा जादा ‘हूक’ नसतो.

सगळी किमया या हुकाची आहे. त्याच्यामुळे तेल दाट होतं आणि तापमान बदललं तरी वंगण म्हणून टिकून राहतं. शिवाय त्या हुकाला धरून रसायनशास्त्रज्ञ त्यातून पाहिजे ते घडवू शकतात. नायलॉन-११ हे प्लास्टिक एरंड तेलातून येतं, आणि गाड्यांच्या इंधननळ्यांमध्ये ते वापरलं जातं. रंग, वार्निश, फोम, साबण, लिपस्टिक, कापड रंगवायची रसायनं, विमानांची वंगणं अशी यादी लांबत जाते.

पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांची फिरती इंजिनं एरंड तेलाच्या वंगणावर चालायची. १९०९ मध्ये बाजारात आलेल्या ‘कॅस्ट्रॉल’ या इंजिन ऑइलचं नावच ‘कॅस्टर’ या शब्दावरून पडलंय.

आता तुम्ही म्हणाल, असं मौल्यवान तेल दुसऱ्या एखाद्या पिकातून का नाही काढत? प्रयत्न झाला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा हूक बसवणारं एरंडाचं जनुक शोधून काढलं. ते मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या प्रयोगशाळेतल्या रोपात घातलं. रोपाने आम्ल बनवलं खरं, पण जेमतेम १७ ते २० टक्के. पुढे एरंडाचंच आणखी एक जनुक जोडल्यावर आकडा ३० टक्क्यांच्या आसपास गेला. एरंडाचे ९० टक्के मात्र लांबच राहिले. नुसतं आम्ल बनवून भागत नाही. ते तेलाच्या रेणूत नीट रचून बियांत साठवावं लागतं, आणि ती सगळी यंत्रणा एरंडाकडेच आहे. म्हणून आजही जगाला हे तेल हवं असेल तर एरंडच पेरावा लागतो.

जुना एरंड शेतकऱ्याला का परवडत नव्हता?

एरंडाचं मूळ पूर्व आफ्रिकेतलं मानलं जातं. तिथे तो अजूनही रानात झाडासारखा वाढतो. भारतात तो हजारो वर्षांपूर्वी रुजला, पण त्याच्या रानटी सवयी पूर्ण गेल्या नाहीत. जुने वाण उंच वाढायचे. एका झाडावर एक घड पिकलेला, दुसरा हिरवा आणि तिसरा फुलांत, अशी अवस्था असायची. बोंडं वाळली की तडकून बिया आपोआप उडायच्या. पीक हाती यायला आठ-नऊ महिने लागायचे.

कोरडवाहू शेतकऱ्यासाठी आठ-नऊ महिने म्हणजे जुगार. पाऊस सप्टेंबरमध्ये संपतो, जमिनीतली ओल आणखी काही आठवडे टिकते, आणि झाड मात्र पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत शेतात उभं. म्हणून एरंड मुख्य शेतात कुणी लावत नसे. तो बांधावर, परसात किंवा दुसऱ्या पिकाच्या कडेला असायचा. महाराष्ट्रात आजही तो बऱ्याचदा कापूस, मिरची, भुईमुगाभोवती सापळा पीक म्हणून दिसतो. पानं खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीला एरंडाचं पान जास्त आवडतं, म्हणून ती आधी तिकडे जाते.

हा कालावधी कमी करायचा पहिला मोठा प्रयत्न हैदराबादमध्ये झाला, आणि तोही अणुशास्त्राच्या मदतीने. १९६० च्या दशकात एचसी-६ या वाणाच्या बियांवर न्यूट्रॉन सोडण्यात आले. असा मारा केला की बियांतल्या जनुकांमध्ये अधूनमधून बदल होतात. बहुतेक बदल निरुपयोगी निघतात, काही रोपं मरतात, आणि हजारांत एखादं कामाचं सापडतं. त्यातून निवडलेला वाण म्हणजे ‘अरुणा’. मूळ वाण साधारण २७० दिवस घ्यायचा, अरुणा चार-साडेचार महिन्यांत हाताशी आला.

म्हणजे एरंड पावसाळ्याच्या वेळापत्रकात बसू लागला. पण उत्पादनाची खरी झेप अजून बाकी होती.

फक्त मादी फुलांचं झाड

संकरित बियाणं म्हणजे दोन वेगळ्या, निवडक आईबापांची पहिली पिढी. या पिढीत जोम जास्त असतो. अडचण अशी की संकर करायचा तर आईच्या झाडाला स्वतःचा पराग मिळता कामा नये.

एरंडाच्या एकाच घडावर नर आणि मादी दोन्ही फुलं असतात. खाली नर, वर मादी. पराग वाऱ्यावर उडतो. एकेका घडावरची नर फुलं हाताने खुडून एकरभर संकर करणं केवळ अशक्य. म्हणजे गरज होती ती अशा झाडाची, ज्याच्या घडावर खालपासून वरपर्यंत फक्त मादी फुलं येतील.

अशी झाडं निसर्गात क्वचित सापडतात. अमेरिका आणि इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात त्यांच्यामागची जनुकं उलगडली. त्यातून अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये टीएसपी १०-आर नावाची मादी ओळ तयार झाली, आणि १९६० च्या दशकात ती भारतात आली.

गुजरातने ही संधी अचूक पकडली. १९६८ मध्ये या मादीपासून तयार केलेला जीसीएच-३ हा भारतातला पहिला संकरित एरंड लागवडीसाठी आला. पण टेक्सासची मादी भारतीय हवेत पुरती रमली नव्हती. मग तिच्यापासून निवड करत मेहसाणा जिल्ह्यातल्या विजापूरच्या संशोधन केंद्रात नवी मादी ओळ तयार झाली. तिचं नाव व्हीपी-१, म्हणजे ‘विजापूर पिस्टिलेट’. (हे विजापूर गुजरातमधलं. गोलघुमटाचं ते वेगळं.)

या एका मादीने देशाचा एरंड बदलला. १९७३ मध्ये तिच्यापासून जीएयूसीएच-१ आला. १९८६ मध्ये जीसीएच-४ आला आणि तो पुढची अनेक वर्षं शेतकऱ्यांच्या जिभेवर राहिला. यात आई व्हीपी-१ आणि बाप ४८-१ हा वाण. बनासकांठा, पाटण, मेहसाणा, कच्छ या कोरड्या पट्ट्यात बोअरवेलचं पाणी होतं, वाळूमिश्रित जमीन होती आणि कोरडी हवा होती. त्यात हे बियाणं पडलं आणि एरंड बांधावरून उठून शेताच्या मध्यभागी आला.

बियाण्याच्या प्लॉटमध्ये चालणारी कसरत

इथे एक प्रश्न उरतो. झाडावर फक्त मादी फुलं असतील, तर त्या मादीची पुढची पिढी कशी वाढवायची? परागच नाही तर बी कुठून येणार?

याचं उत्तर एरंडाच्या स्वभावात आहे. एरंडाचं नर-मादी गणित काही प्रमाणात हवामानावर ठरतं. तापमान तिशीच्या वर चढलं की काही मादी ओळींच्या घडांवर अधूनमधून तुरळक नर फुलं उमलतात. शास्त्रज्ञ याचाच फायदा घेतात. आई-ओळीचं बी वाढवायचं असेल तर उन्हाच्या हंगामात पीक घेतात. ती तुरळक नर फुलं आपल्याच ओळीला पराग देतात आणि मादीची मादी तयार होते.

हाच स्वभाव उलटा वळला तर मात्र घात करतो. संकरित बियाणं तयार होत असताना अवेळी उष्मा वाढला, की मादीच्या ओळीत नको तेव्हा नर फुलं येतात. मग बी संकरित राहत नाही. म्हणून बियाण्याच्या प्लॉटमध्ये साधारण तीन-चार ओळी मादीच्या आणि एक ओळ नराची अशी लागवड करतात. पराग वाऱ्यावर दूरपर्यंत जातो, म्हणून आसपास बऱ्याच अंतरापर्यंत दुसरा एरंड नको. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत मजूर रोज मादीच्या ओळींतून फिरतात. नर फुलं दिसलेलं झाड लगेच उपटायचं. खोडाचा रंग, त्यावरची मेणाची पांढरी भुकटी, बोंडावर काटे आहेत की नाहीत, या खुणांवरून परकं झाड ओळखायचं.

शेतकरी दुकानातून आणतो त्या पिशवीमागे हे सगळं असतं. संकरित बियाण्याचा जोम पुढच्या पिढीत टिकत नाही, म्हणून ती पिशवी दरवर्षी नव्याने विकत घ्यावी लागते. पिशवीत भेसळ निघाली तर ते कळतं दोन महिन्यांनी, घड बाहेर पडल्यावर. तोपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो.

यशाच्या पोटातच मर रोग

एकाच पट्ट्यात, वर्षानुवर्षं, एकाच आईची लेकरं लावली तर काय होतं? गुजरातमध्ये तेच झालं.

‘फ्युजेरियम’ नावाची बुरशी मातीत राहते. ती मुळांतून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते आणि हिरवंगार झाड उभ्या उभ्या वाळतं. हाच मर रोग. एकदा शेतात शिरला की बुरशी मातीत कित्येक वर्षं टिकते, बियांसोबतही पसरते. वरून औषध फवारून काही उपयोग नसतो. आणि दुर्दैव असं की जिच्यावर सगळा डोलारा उभा होता ती व्हीपी-१ या रोगाला लवकर बळी पडायची.

म्हणून संशोधनाची दिशा बदलली. शास्त्रज्ञांनी मुद्दाम आजारी शेतं तयार केली. त्यांना ‘सिक प्लॉट’ म्हणतात. त्या मातीत बुरशी भरपूर राहील याची काळजी घेतली जाते आणि शेकडो ओळी तिथे पेरल्या जातात. मरतात त्या बाद, तगतात त्या पुढच्या फेरीत. अशा चाळणीतून निघालेल्या आईबापांचा संकर म्हणजे सरदारकृषीनगर दांतिवाडा कृषी विद्यापीठाचा जीसीएच-७. एसकेपी-८४ ही आई आणि एसकेआय-२१५ हा बाप. २००६ मध्ये तो आला, मर रोगाला तोंड देणारा म्हणून शेतकऱ्यांनी उचलला. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेने डीसीएच-१७७, डीसीएच-५१९ असे संकरित वाण दिले, ते कोरडवाहू भागांचाही विचार करून.

पण बुरशीही बदलत राहते. एक प्रतिकारक वाण सगळीकडे पसरला की त्यालाही चुकवणारी बुरशी निवडली जाते. ही शर्यत संपत नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याचं दुखणं वेगळं

तेलंगण आणि आंध्रातला एरंड पावसावर वाढतो. तिथे घड भरायच्या वेळी ढगाळ हवा आणि सलग पाऊस आला की बोट्रायटिस ही राखाडी बुरशी घडावर चढते. दोन-चार दिवसांत अख्खा घड कापसासारखा बुरशीने झाकला जातो आणि आतलं बी पोकळ राहतं. १९८७ मध्ये आंध्रात याची मोठी साथ आली होती.

या रोगाला पूर्ण प्रतिकार करणारा एरंड अजून हाती आलेला नाही. थोडा आधार मिळतो तो घडाच्या रचनेचा. बोंडं विरळ असतील तर हवा खेळते आणि बुरशी सावकाश पसरते. पण बोंडं विरळ म्हणजे घडात बी कमी. पैदासकाराला एक मिळवायला दुसरं सोडावं लागतं.

असंच कोडं मेणाचंही आहे. खोड, पानं आणि बोंडं सगळीकडे मेणाचा थर असलेल्या एरंडावर तुडतुडे कमी येतात. पण पांढऱ्या माशीला तोच एरंड जास्त मानवतो. मेण काढलं की तुडतुडे, ठेवलं की माशी. म्हणून कुठल्या भागात कोणती कीड जास्त हे बघून वाण निवडावा लागतो.

विषाचं काय करायचं?

एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं. १९७८ मध्ये लंडनमध्ये बल्गेरियाचे लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या पायात छत्रीच्या टोकाने एक बारीक गोळी मारली गेली आणि चार दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. त्या गोळीत रिसिन होतं, असा निष्कर्ष तपासातून निघाला.

घाबरायचं कारण नाही. रिसिन हे प्रथिन आहे, ते तेलात विरघळत नाही. नीट काढून शुद्ध केलेल्या तेलात ते येत नाही. ते उरतं पेंडीत. म्हणून एरंडीची पेंड शेतात खत म्हणून चालते, जनावरांपुढे टाकता येत नाही. बाकी तेलबियांची पेंड पशुखाद्य म्हणून चांगला पैसा देते. एरंडाच्या बाबतीत ते उत्पन्न बुडतं.

मग बिनविषारी एरंड का नाही काढत? २०१० मध्ये एरंडाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा कारण समोर आलं. या पिकाच्या गुणसूत्रांच्या १० जोड्यांमध्ये ३१ हजारांच्या आसपास जनुकं आहेत. त्यांत रिसिनच्या कुटुंबातली एक-दोन नाहीत, तर अठ्ठावीसेक जनुकं निघाली. एक बंद केलं तर बाकीची चालूच. अमेरिकेत निवड पद्धतीने रिसिन कमी असलेला ‘ब्रिगहॅम’ नावाचा वाण काढला गेला. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जनुक अभियांत्रिकीने ही जनुकं गप्प केलेला एरंड तयार केल्याचं प्रसिद्ध केलं आणि त्याच्या बियांत रिसिन सापडलं नाही. तो प्रयोग आहे, शेतातलं पीक नाही. भारतातही उंट अळीला मारणाऱ्या बीटी एरंडावर प्रयोग झाले, पण जनुक बदललेल्या एरंडाला इथे लागवडीची परवानगी नाही. त्यात एरंडाच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत रोप वाढवणं भलतंच किचकट, त्यामुळे हे काम जगभर सावकाशच चालतं.

मग पुढे काय?

सगळ्यात मोठी अडचण आहे ती कच्च्या मालाची. जगभरातले एरंड दिसायला खूप वेगवेगळे असतात. लाल खोड, हिरवं खोड, काटेरी बोंड, गुळगुळीत बोंड, बुटके, उंच. पण जनुकं तपासल्यावर कळलं की लागवडीतल्या एरंडांत आतून फरक फार थोडा आहे. म्हणजे पैदासकाराकडे पत्ते कमी आहेत. मर रोग असो की बोट्रायटिस, उत्तर संग्रहात नसेल तर ते रानात शोधावं लागतं. म्हणून अलीकडे इथिओपिया आणि केनियातल्या रानटी एरंडाकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वळलंय. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५०५ एरंडांची जनुकं वाचून रानटी आणि लागवडीतल्या झाडांमधला फरक मांडला गेला.

दुसरी अडचण काढणीची. आपल्याकडे घड हाताने, तीन-चार वेळा तोडतात. मजुरी वाढत चालली आहे. दुसरीकडे ब्राझील आणि इस्रायलमध्ये बुटके, एकाच वेळी पिकणारे, यंत्राने कापता येणारे वाण तयार होत आहेत. ब्राझील एकेकाळी एरंडाच्या उत्पादनात जगात आघाडीवर होता, भारताने त्याला मागे टाकलं. बियाण्याच्या जोरावर मिळवलेली जागा बियाण्याच्या जोरावरच जाऊ शकते.

आज जगातला कुठलाही कारखाना एरंड तेल मागतो तेव्हा नजर गुजरातच्या चार-पाच जिल्ह्यांकडे जाते. ते जिल्हे मोजक्या संकरित वाणांवर उभे आहेत, आणि ते वाण मोजक्या आईबापांवर. त्या मातीतली बुरशी पुढच्या वाणाची वाट बघत बसलेली नाही. तिला रोखणारं पुढचं बियाणं या क्षणी एखाद्या ‘सिक प्लॉट’मध्ये, मेलेल्या रोपांच्या मधे, तग धरून उभं असेल तरच हा एरंड ‘बळी’ राहील. म्हणीतला नाही, खराखुरा.